उत्तर: पोलो जीटीचं काय मग?

वर एकांनी लिहिलंय की आजच्या गाड्या म्हणजे चाकं लावलेले कॉम्प्युटर, त्यांना यामाहाच्या जुन्या आरएक्स १०० बाईकसारखे भक्त मिळणार नाहीत. अर्धं पटलं. पण १९९६ ला आरएक्स बंद झाली तेव्हा तिची तरी आरती कोण ओवाळत होतं?

माझ्या मते फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय त्या वाटेला लागलीये. २०१३ ची गाडी, १.२ लिटर टर्बो, १०५ पीएस (म्हणजे साधारण हॉर्सपॉवरच). आज हा आकडा कोणी विचारणार नाही. पण २०२२ ला पोलो इथे बंद झाली आणि तिच्या जागी तशी लहान, दणकट, चपळ हॅचबॅक आलीच नाही. गेल्या रविवारी फुटाळा तलावावर एक लाल जीटी उभी होती. मालक चहा गार होऊ देऊन बोनेटवरची धूळ पुसत होता, डॅशबोर्डवर पांढरा टॉवेल (नागपूरचं ऊन, दुसरं काय!). शेजारी दुप्पट किमतीची एसयूव्ही होती, पण कॉलेजची पोरं विचारत होती जीटीवाल्यालाच, "भाऊ, विकून राहिले का?"

खरी अडचण भक्तीची नाही, सुट्या भागांची आहे. आरएक्सचा कार्ब्युरेटर कुठलाही मिस्त्री फूटपाथवर खोलून, फुंकर मारून बसवतो. जीटीच्या ड्युअल क्लच ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं कंट्रोल युनिट गेलं तर लॅपटॉपवाला शोधा, पार्टची वाट बघा. दहा वर्षांनी तो पार्ट बनत असेल का? म्हणून सांगतो, कोणाकडे असेल तर जुने सेन्सर, कॉइल भंगारात देऊ नका.