मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळा कसा जपता? अनुभव लिहा

अबोली:
शेजारच्या काकू आज डोळ्यावर हिरवं फडकं लावून घरी आल्या आणि जुना काळ आठवला. तेव्हा जखम मोठी असायची, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवून पेशंटला निजवायचे. आता फेकोत (मशीनने मोतीबिंदू फोडून ओढून काढतात त्या ऑपरेशनात) चीर ३ मिलिमीटरहून लहान, बहुधा बिनटाक्याची. पण पहिल्या आठवड्यात डोळा चोळला तर तीच उघडू शकते. ज्यांनी घरात सगळं केलंय त्यांनी नेमकं सांगा.

गवतीचहा:
ड्रॉप! सगळं तिथेच चुकतं. हात साबणाने धुवा, मान मागे, खालची पापणी हलकेच ओढून त्या खोबणीत एकच थेंब. डोळ्यात तोही पुरता मावत नाही, दुसरा गालावरच येतो. बाटलीचं टोक पापणीला लागू देऊ नका. मग डोळा अलगद मिटून दोन मिनिटं बसा, आवळायचा नाही. दोन औषधांत ५ मिनिटं हवीत, नाहीतर दुसरं पहिल्याला धुऊन काढतं. दुधाळ औषध आधी चांगलं हलवा, तळाशी बसलेलं असतं.

सह्याद्रीकर:
+१. स्टिरॉइडचा ड्रॉप दर आठवड्याला कमी होत जातो, म्हणून तक्ता फ्रिजवर चिकटवा. बरं वाटलं म्हणून मधेच सोडला तर सूज उलटते. उरलेली बाटली पुढे मनानेच घालत राहिलं तर डोळ्यातलं प्रेशर वाढतं.

मोगरा७:
काकूंना लवकर आराम पडो 🙏 टीव्ही बघितला तर चालतो का?

गवतीचहा:
चालतो हो. टीव्हीने जखमेला काही होत नाही. फोडणीचा धूर, मिरची कुटणं, केर काढणं मात्र दुसऱ्याकडे द्या.

पाणवठा:
रात्री प्लास्टिकची शील्ड. कड भुवईच्या आणि गालाच्या हाडावर टेकली पाहिजे, डोळ्यावर नाही. चिकटपट्टी कपाळावरून गालाकडे तिरकी. झोपेत हात आपसूक डोळ्याकडे जातो, म्हणून दुपारच्या झोपेलाही लावा.
चिपडं काढायला कापूस १० मिनिटं पाण्यात उकळा, गार करून पिळा, मिटलेली पापणी नाकाकडून कानाकडे पुसा. एक बोळा एकदाच.

मोगरा७:
आमच्याकडे आंबट, लोणचं सगळं बंद करतात. पापडसुद्धा!

सह्याद्रीकर:
लोणच्याने डोळा बिघडत नाही. शुगर सांभाळा, आणि पोट साफ राहील असं जेवण द्या. कुंथलं, बादली उचलली की डोळ्यावर ताण येतो. गुलाबपाणी, मध, काजळ मात्र अजिबात नको.

अबोली:
डोक्यावरून आंघोळ?

पाणवठा:
डॉक्टर हो म्हणेपर्यंत गळ्याखालूनच. केस धुवायचेच झाले तर मान मागे टाकून दुसऱ्याने धुवावेत.
थोडं खुपणं, पाणी येणं चालतं. दुखणं वाढलं, लाली वाढली, पू आला किंवा काल दिसत होतं ते आज धूसर झालं, तर आतला संसर्ग असू शकतो. पुढच्या तारखेची वाट बघू नका, रात्र असली तरी निघा.

गवतीचहा:
आणि अबोली, नातवाला महिनाभर काकूंच्या कडेवर देऊ नकोस. त्याचं बोट नेमकं चष्म्याच्या मागे जातं.