‘देवाघरी गेले’ म्हटल्यावर मुलगी एसटीची वेळ विचारते: चित्रपुस्तकाचा उपयोग होईल का?

पारिजात (प्रश्न):
माझ्या सासऱ्यांचे दीड महिन्यापूर्वी रत्नागिरीला निधन झाले. मुलगी साडेचार वर्षांची आहे. घरातल्या सगळ्यांनी तिला ‘आजोबा देवाघरी गेले’ असे सांगितले, आणि तेव्हापासून देवाच्या घराहून परतीची एसटी किती वाजता सुटते, आजोबांनी चष्मा का नेला नाही, असे प्रश्न ती विचारते. रडत मात्र नाही. मी भाजी आणायला खाली उतरले तरी परत येईपर्यंत दाराशी उभी असते. मैत्रिणीच्या सांगण्यावरून मृत्यूविषयीचे एक चित्रपुस्तक आणून रात्री झोपताना वाचायला घेतले, तर म्हातारे पात्र दिसेनासे होते त्या पानावर तिने पुस्तक मिटले आणि गादीखाली सारले. पुन्हा वाचावे की थांबावे? आणि अशा पुस्तकांनी मुलांना खरोखर आधार मिळतो, की आपल्यालाच काहीतरी केल्याचे समाधान मिळते?

बालवाडीताई:
तिने पुस्तक टाकून दिले नाही, गादीखाली ठेवले, हे लक्षात घ्या. झोपायची वेळ मात्र चुकली. अंधारात, आई आता दिवा घालवणार या धास्तीत, असा विषय नको. पुस्तक तिच्या इतर पुस्तकांत, हाताला येईल असे ठेवा आणि दिवसा तिने काढले तरच वाचा. ‘तुला कसं वाटतंय?’ असे विचारू नका. ‘हा ससा दाराकडे का बघतोय?’ असे विचारा. स्वतःची भीती सांगू न शकणारे मूल सशाची भीती बिनदिक्कत सांगते.

आधी स्वतः वाचून मात्र घ्या. सुझन वार्ली यांच्या 1984 सालच्या इंग्रजी चित्रपुस्तकात म्हातारा बॅजर (बिळात राहणारा एक प्राणी) मरतो, आणि त्याने कोणाला कागदाची माळ कापायला, कोणाला टायची गाठ मारायला शिकवले होते, ते आठवत मित्र सावरतात. हा भाग मी वर्गात कितीदा तरी मराठीतून सांगितला आहे. पण बॅजर ‘लांब बोगद्यातून गेलो’ अशी चिठ्ठी ठेवतो, ते वाक्य मी गाळते. कोकण रेल्वेने करबुडेचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा पार केलेल्या मुलाला गाडी पलीकडे बाहेर पडते हे पक्के ठाऊक असते.

ओसरी:
मी मुलांसाठी समुपदेशन करते. वाक्य गाळण्यावर भागणार नाही. पुस्तकाच्या आधी तुमचे शब्द बदलायला हवेत. मानसशास्त्रज्ञ मारिया नॅगी यांनी हंगेरीतल्या मुलांशी बोलून 1948 साली मांडले होते, की पाच वर्षांखालील मुलांना मृत्यू म्हणजे प्रवास किंवा झोप वाटते, म्हणजेच परत येण्याजोगी गोष्ट. तेव्हा एसटीचा प्रश्न हा गोड बालिशपणा नव्हे, तुम्ही दिलेल्या माहितीवरून काढलेला अगदी बरोबर निष्कर्ष आहे. ‘आजोबा मेले, त्यांचे शरीर चालायचे थांबले, त्यांना आता भूक लागत नाही की दुखत नाही, ते परत येणार नाहीत, आणि यात कोणाची चूक नाही’ असे सरळ सांगा. ‘झोपले’ तर कधीच म्हणू नका. बाहेर जाताना परतायची वेळ सांगा आणि ती पाळा. झोप, जेवण, खेळ बरेच आठवडे बिघडलेले राहिले, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा किंवा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर बोला.

विकतच्या पुस्तकापेक्षा तिच्या आजोबांचेच पुस्तक घरी करता आले तर अधिक बरे.

घाटमाथा:
माझा मुलगा फार चिडायचा, म्हणून रागावरचे पुस्तक आणले. दोन पानांत त्याने विचारले, “बाबा, हे मला सुधारायला आणलंय ना?” पुढे मॉरिस सेंडक यांचे 1963 सालचे पुस्तक हाती आले. त्यात मुलाच्या रागाबरोबर चित्रे मोठी होत जातात, आणि ऐन धिंगाण्याच्या सहा पानांवर तर एकही शब्द नाही. तिथे आम्ही दोघे मनसोक्त डरकाळ्या फोडायचो. उपदेश कुठेच नाही, म्हणून ते टिकले. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी चित्रपुस्तके फुकट वाचता येतात. काही बिनसलेले नसतानाही ती वाचत राहा, म्हणजे पुस्तक दिसले की औषधाचा चमचा आठवणार नाही.

पारिजात:
सर्वांचे आभार. सरळ शब्दांत सांगितल्यावर ती पहिल्यांदा रडली, आणि मीही. ड्रॉइंगचे कागद शिवून केलेल्या पुस्तकात तिने चष्मा, अडकित्ता आणि रिकामी आरामखुर्ची काढली. मग म्हणाली, “भूक लागत नाही, तर दहाव्याला कावळ्याला भात का ठेवला?” मला उत्तर सुचेना. सासूबाई म्हणाल्या, “कावळा शिवेना, तेव्हा आम्ही म्हटलं, नातीला पोहायला शिकवू. तुझ्या आजोबांच्या मनात होतं ना ते. मग शिवला.” शेवटच्या पानावर आता कावळा आहे, आणि पोहायचा क्लास कधी लावणार, हे ती रोज विचारते.