मदत हवी आहे: मोडाच्या हरभऱ्याचा प्रयोग उलटा चालतोय, आणि 'चयापचय' मुलांना सांगायचं कसं?

खामल्याचा_चंबू
नागपुरात एप्रिलअखेर उन्हाळी शिबिर आहे, मुलं आठवी-नववीची. विषय चयापचय. नुसती व्याख्या घोकून घ्यायची नाही, म्हणून मोडाच्या हरभऱ्याचा श्वसनाचा प्रयोग करून पाहिला.

मांडणी: २५० मिलीचा चंबू, ५० ग्रॅम मोड आलेले हरभरे, बुचाला दोऱ्याने टांगलेली छोटी परीक्षानळी आणि तिच्यात ५ मिली चुन्याची निवळी. बुचातून काढलेली ४ मिमी आतल्या व्यासाची वाकडी काचनळी रंगीत पाण्यात बुडवलेली. दाणे ऑक्सिजन घेतात आणि सोडलेला कार्बन डायऑक्साइड निवळी शोषते, म्हणून नळीत पाणी चढायला हवं. सकाळी साडेदहाला लावलं, तर दुपारी दोनपर्यंत उलट नळीतून बुडबुडे बाहेर! बुचाला मेण लावलंय, गळती नाही.

दुसरं म्हणजे, मुलं चयापचय म्हणजे पचनच धरून बसतात. ते कसं सोडवायचं?

पेशीवाला
गळती नाही हे बुडबुड्यांवरूनच कळतं. दोन दोष आहेत, दोन्ही आकड्यांत पाहा.

पहिला निवळीचा. चुना पाण्यात जेमतेम विरघळतो, लिटरमागे दीड ग्रॅमच्या आसपास, आणि पाणी तापलं की आणखी कमी. ५ मिली निवळीत साडेसात मिलिग्रॅम चुना आला. तो फार तर अडीच मिली कार्बन डायऑक्साइड धरणार आणि संपणार. त्यानंतर हरभरा जेवढा ऑक्सिजन घेतो जवळपास तेवढाच कार्बन डायऑक्साइड सोडतो, म्हणून पाणी जागचं हलत नाही. निवळी वायू ओळखायला ठीक आहे, शोषायला नाही.

त्याऐवजी २० टक्क्यांचं पोटॅशियम हायड्रॉक्साइड घ्या. त्याचे ५ मिली दोनशे मिलीहून जास्त कार्बन डायऑक्साइड पितात. तुमच्या चंबूतल्या २०० मिली हवेत ऑक्सिजनच मुळात ४२ मिली, म्हणजे भरपूर झालं. परीक्षानळीत गाळणकागदाची सुरळी उभी करा, शोषायला पृष्ठभाग वाढतो. सुरळी दाण्यांना टेकू देऊ नका. द्रावण मोठ्यांनीच करावं, हातमोजे आणि चष्मा घालून: २० ग्रॅम खडे थोडे थोडे पाण्यात टाकायचे, खड्यांवर पाणी ओतायचं नाही. चांगलंच तापतं. थंड झाल्यावर १०० मिली करा. बाटली उघडी राहिली तर ते खोलीतलाच कार्बन डायऑक्साइड पिऊन बसतं, मागच्या वर्षीची उरलेली बाटली वापरू नका.

ऊन_४५
दुसरा दोष मी सांगतो, तो आपल्या नागपूरचा. हवा अंशामागे साधारण तीनशेव्या भागाने फुगते. २०० मिली हवा, एक अंश वाढ: ०.६७ मिली. तुमच्या नळीत १ मिली म्हणजे ८ सेंमी. एका अंशाला पाणी पाच सेंमी सरकतं राजेहो! साडेदहा ते दोन खोली सात अंश तापली असेल, तर पस्तीसेक सेंमी बाहेरच्या दिशेला. हरभऱ्याची काय बिशाद.

कूलर लावून भागत नाही, तो चालू-बंद झाला की पारा हलतो. चंबू पाण्याच्या बादलीत मानेपर्यंत बुडवा, वर वीट ठेवा, नाहीतर तरंगतो. नळीचं टोक लगेच रंगीत पाण्यात घालू नका. पंधरा मिनिटं तसंच राहू द्या, आतलं-बाहेरचं तापमान एक झालं की मग बुडवा. सकाळी सात-आठला करा.

पेशीवाला
बरोबर. आणि दाणे २० ग्रॅमच घ्या. ३० सेंमी नळी पावणेचार मिलीत भरते, मग पाणी थेट चंबूत शिरतं. दर पाच मिनिटांनी खूण करा, तासन्‌तास ठेवायची गरजच नाही.

खामल्याचा_चंबू
तुलनेसाठी उकडलेल्या हरभऱ्याचा चंबू ठेवला होता. पहिल्या दिवशी थोडं आणि दुसऱ्या दिवशी बरंच पाणी चढलं. मेलेला दाणा श्वास घेतो काय?

ऊन_४५
पहिल्या दिवशी दाणे कोमट असणार. निवले, हवा आकसली, पाणी चढलं. दुसऱ्या दिवशी जिवाणू. उकडलेला हरभरा या उन्हाळ्यात रात्रभर ठेवला की चिकट होतो, पाणी चढलं ते श्वसनानंच, फक्त जिवाणूंच्या, दाण्याच्या नाही. ताजे उकडा, बादलीच्या तापमानाला आणा, त्याच सकाळी वाचन संपवा.

चय_अधिक_अपचय
व्याख्येकडे कोणी वळेना, म्हणून लिहितो. शब्द फोडून दाखवा: चय + अपचय. चय म्हणजे रचणं, अपचय म्हणजे मोडणं. पेशीत चाललेल्या या दोन्ही रासायनिक क्रियांची बेरीज म्हणजे चयापचय. पचन आतड्याच्या पोकळीत होतं, पेशीच्या बाहेर. भाकरीचं ग्लुकोज रक्तातून पेशीत शिरल्यावर जे घडतं ते चयापचय. झाडाला पोट नाही, चयापचय आहे. एवढं म्हटलं तरी वर्ग गप्प होतो.

पण एक खटकतं. तुमचा प्रयोग फक्त अपचय दाखवतो. तेवढ्यावर थांबलात तर 'चयापचय म्हणजे जळणं' असं मुलं घेऊन जातील, तेही अर्धवटच. चय दाखवायला कोरडं वजन करा.

एकाच ढिगातले १०० सुके दाणे बाजूला ठेवा. दुसरे १०० रात्रभर भिजवून ओल्या फडक्यात, अंधारात, पाच दिवस ठेवा. फडकं दिवसातून दोनदा धुवा. मग प्रत्येक दाण्याचा कोंब-मूळ एका वाटीत, दोन डाळिंब्या दुसऱ्या वाटीत, सालं तिसऱ्या. सगळं, सुके दाणेसुद्धा, ओव्हनमध्ये आधी १०५ अंशांवर १५ मिनिटं आणि मग ७०-८० अंशांवर, लागोपाठ दोन वजनं सारखी येईपर्यंत. सुरुवातीचा चटका विकरं (क्रिया घडवणारी एन्झाइम) निकामी करायला असतो, नाहीतर वाळतानाही श्वसन चालूच राहतं. गच्चीवरच्या उन्हात वाळवायचा मोह इथेच नडतो.

आता बघा: तिन्ही वाट्यांची बेरीज सुक्या दाण्यांपेक्षा कमी भरते, त्यातला बराचसा साठा श्वसनात जळून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी झाला. हा अपचय. पण कोंबाची वाटी पहिल्या दिवशी जवळपास नव्हतीच, आज तिला वजन आहे. ते डाळिंब्यांतल्या साठ्यातून रचलं. हा चय. अंधार यासाठी की उजेडात कोंब हिरवा होऊन स्वतः साखर बनवू लागतो, मग हिशेब बिघडतो.

पेशीवाला
हे उत्तम. एखादं चौकस पोर विचारेलच, की क्रिया चालते तिथे जीव आहे का? जर्मन रसायनशास्त्रज्ञ एडुआर्ड बुकनर यांनी १८९७ मध्ये यीस्ट वाळूत घोटून, पेशी गाळून, नुसत्या रसात साखर आंबवून दाखवली. क्रिया चालली, पण रस जिवंत नव्हता. उलट डब्यातला सुका हरभरा: क्रिया जवळजवळ ठप्प, तरी जिवंत.

खामल्याचा_चंबू
वजन करायचं ठरलं. घरचा डिजिटल काटा १ ग्रॅमचा आहे, चालेल?

ऊन_४५
नाही. शंभर देशी दाणे मिळून साधारण वीस ग्रॅम, त्यातली घट तो काटा गिळून टाकेल. ०.०१ ग्रॅमचा घ्या, इतवारीच्या सराफ्यात असतात तसा. आणि वजन करताना पंखा बंद.