माकडांना डिझेलचा धूर: राग कशावर, क्रौर्यावर की खोट्या मोजणीवर?

सायलेन्सर
डिझेलगेट, म्हणजे फोक्सवॅगनने डिझेल गाड्यांच्या धुराच्या चाचणीत केलेली फसवणूक, म्हटलं की हल्ली लोकांना माकडंच आठवतात, म्हणून हा धागा. प्रकरण थोडक्यात असं: २०१४ साली अमेरिकेत, अल्बुकर्कीच्या लव्हलेस संस्थेत दहा मकाक माकडांना हवाबंद पेट्यांत बसवून फोक्सवॅगन बीटलचा धूर हुंगवला. गप्प बसावीत म्हणून समोर कार्टून लावलेलं. पैसा ईयूजीटी नावाच्या संस्थेचा, तिच्यामागे फोक्सवॅगन, डाइम्लर आणि बीएमडब्ल्यू. जानेवारी २०१८ मध्ये हे बाहेर आलं आणि जी बोंबाबोंब झाली ती सगळी माकडांवरून.

माझं म्हणणं वेगळं आहे. त्या बीटलमध्ये फसवं सॉफ्टवेअर होतं. चाकं रोलरवर पळतायत पण स्टिअरिंग जागचं हलत नाही, असल्या खुणांवरून चाचणी चालू आहे हे ते ओळखायचं आणि तेवढ्यापुरता नॉक्स (नायट्रोजनचे विषारी ऑक्साइड वायू) आवरायचं. म्हणजे माकडांनी घेतला तो रस्त्यावरचा धूर नव्हताच. प्रयोग करणाऱ्यांनाही याचा पत्ता नव्हता म्हणे. प्राण्यांवरच्या प्रयोगांना माझा सरसकट विरोध नाही, पण मोजायची वस्तूच बनावट असेल तर सगळंच मुसळ केरात.

अनवट
म्हणजे गाडी प्रामाणिक असती तर चाललं असतं? कमाल आहे! हे माकड टोळीत राहणारं. त्याला पेटीत कोंडलं की धूर सोडायच्या आधीच नाडी आणि तणावाची संप्रेरकं वर गेलेली असतात. प्रयोगशाळेत प्राण्याला नुसतं उचललं तरी हे होतं. मग धुराने काय झालं आणि पेटीने काय झालं, हे वेगळं कसं काढणार? ते कार्टून म्हणजे दया नव्हे, सोय.

ईसीजीवाला
अनवटताई, ते वेगळं काढता येतं. त्याच जीवाला त्याच पेटीत एक दिवस गाळलेली हवा द्यायची, एक दिवस धूर.

हृदयरोग विभागात आहे म्हणून जरा लांबण लावतो. २००७ मध्ये एडिनबरो आणि स्वीडनच्या उमेओतल्या संशोधकांनी २० पुरुष घेतले, सगळ्यांना आधी हार्ट अटॅक येऊन गेलेला. तासभर पातळ केलेला डिझेलचा धूर (हवेच्या घनमीटरला ३०० मायक्रोग्रॅम कण), मधूनमधून सायकल. दुसऱ्या खेपेला तेच सगळं, फक्त हवा स्वच्छ. आज काय सोडलंय हे त्या माणसांना माहीत नाही. धुराच्या दिवशी ईसीजीतली एसटी रेषा जास्त खाली गेली, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडतंय. शिवाय गुठळी विरघळवणारं टी-पीए नावाचं द्रव्य शरीर कमी सोडू लागलं. २०११ मध्ये एडिनबरोच्या गटाने एक्झॉस्टला कणांचा फिल्टर लावून पाहिलं, तर रक्तवाहिन्यांवरचा परिणाम बराच उतरला.

ही माणसं सही करून आली होती. सात वर्षांनी माकडं कोंडून नवीन काय कळणार होतं, हे मला विचाराल तर काहीच नाही. त्यात तुलना बीटलची कुणाशी, तर फोर्डच्या जुन्या पिकअपशी! बीटलला कणांचा फिल्टर, पिकअपला नाही. निकाल आधी ठरवून मांडलेला डाव.

अनवट
शेवटाशी सहमत. पण स्वच्छ हवेच्या दिवशीसुद्धा माकड घाबरलेलंच असणार ना? नाडी आधीच छताला टेकलेली असेल तर धुराने ती आणखी कुठे चढणार? शांत माणसावर जो फरक दिसतो तो भेदरलेल्या प्राण्यात दिसेलच असं नाही. म्हणजे कंपनीच्या पथ्यावरच.

टर्बोप्रेमी
डिझेलला शिव्या घालायला निमित्तच हवं असतं. ते ३०० मायक्रोग्रॅम का काय, तेवढा धूर नाकाशी धरून बसतो कोण? आणि ज्या चाचणीतून हा घोटाळा उघडा पडला, ती अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाची, तिच्यात गाड्या मोजून तीन. त्यातली बीएमडब्ल्यू एक्स-५ बऱ्यापैकी मर्यादेत राहिली होती. दोष डिझेलचा नाही, लबाडीचा.

ईसीजीवाला
घनमीटरला ३०० मायक्रोग्रॅम म्हणजे नाकाशी धरलेलं नळकांडं नव्हे, तुंबलेल्या रस्त्यावर तेवढं मिळतं. हिवाळ्यात दिल्लीला जाऊन या.

सायलेन्सर
टर्बोशेठ, तीनच गाड्या होत्या पण मोजल्या कशा ते बघा. डिकीत यंत्रं, सायलेन्सरला नळी, आणि गाडी हायवेवर. उरलेल्या दोन फोक्सवॅगनच्या, जेटा आणि पसाट; पसाट तर लॉस एंजलिसहून सिअॅटलपर्यंत नेऊन आणली. जेटाचा नॉक्स मर्यादेच्या १५ ते ३५ पट, पसाटचा ५ ते २० पट. यातूनच पुढे सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकी पर्यावरण खात्याची फोक्सवॅगनला नोटीस निघाली आणि जगभरातल्या १ कोटी १० लाख गाड्यांत ते सॉफ्टवेअर असल्याची कबुली. एकही प्राणी लागला नाही. एक्स-५ चं तुमचं बरोबर आहे, पण तेही रस्त्यावर मोजलं म्हणूनच कळलं.

चाकणवाला
अमेरिकेचं कौतुक पुरे. आपल्याकडे पीयूसीला काय करतात? डिझेल गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून रेस देतात आणि धूर किती काळा ते बघतात. नॉक्स मोजतच नाहीत. ज्या वायूवरून एवढं रामायण झालं तो आपल्या सर्टिफिकेटवर नाहीच!

पुण्याच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेने २०१५ मध्ये फोक्सवॅगनच्या गाड्या रस्त्यावर तपासल्या, तेव्हा नॉक्स बीएस-४ या तेव्हाच्या भारतीय मर्यादेच्या १.१ ते २.६ पट आला. कंपनीने ३.२३ लाख गाड्या दुरुस्तीला परत बोलावल्या. मार्च २०१९ मध्ये हरित लवादाने ५०० कोटींचा दंड ठोकला.

अनवट
आणि लवादाच्या समितीने फक्त दिल्लीतल्या लोकांच्या आरोग्याचं नुकसान १७१.३४ कोटी धरलं होतं. पेटीत कुणालाही न कोंडता.

सायलेन्सर
पण पुढे? मे २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सक्तीची वसुली थांबवली. कंपनीचं म्हणणं काय होतं, तर आम्ही नियम मोडलाच नाही, रस्त्यावरच्या चाचणीला भारतात मर्यादाच ठरलेली नाही. खरंच नव्हती. ती सक्तीने लागू झाली एप्रिल २०२३ पासून, तीही नव्या गाड्यांना. जुन्यांचं ते पीयूसीच.