वंगारी माथाई: प्राध्यापकी सुटली कशी?

प्रश्न: केनियाच्या वंगारी माथाई नैरोबी विद्यापीठात विभागप्रमुख होत्या ना? मग राजकारणात कधी गेल्या? आणि त्यांच्या ‘ग्रीन बेल्ट’ चळवळीत झाडं लावणाऱ्या बायकांना पैसे कशाचे मिळायचे?

उत्तर १: विषय पशुवैद्यकीय शरीररचनाशास्त्र. १९७१ ला पीएच.डी., १९७६ ला विभागप्रमुख. १९८२ मध्ये संसदेची पोटनिवडणूक लढवायला त्यांनी राजीनामा दिला. मतदारनोंदणीचं कारण काढून त्यांना अपात्र ठरवलं आणि विद्यापीठानंही परत घेतलं नाही. तेलही गेलं, तूपही गेलं. १९९७ च्या निवडणुकीत हरल्या. २००२ मध्ये मात्र टेटू मतदारसंघातून तब्बल ९८ टक्के मतं! पुढे पर्यावरण खात्याच्या सहायक मंत्री, २००४ ला शांततेचं नोबेल.

उत्तर २: पैशांबद्दल. मोबदला लावलेल्या नव्हे, जगलेल्या रोपाचा, सुरुवातीला एका रोपामागे ४ अमेरिकी सेंट. खरी मेख इथेच आहे. लावण्याचे पैसे दिले की खड्डे मोजले जातात, पाणी कोणी घालत नाही. ५ जून १९७७ ला नैरोबीत समारंभाने लावलेल्या सात झाडांपैकी बहुतेक मेलीच. त्यानंतर गावातल्या बायकांनीच स्थानिक झाडांचं बी गोळा करून, फुटक्या भांड्यांतसुद्धा, रोपं वाढवली. वनअधिकारी म्हणत, यासाठी पदविका लागते. शेतकरणीला कसली पदविका?

उत्तर ३: लागवड किमान हजार रोपांच्या रांगांनी व्हायची, म्हणून चळवळीचं नाव ‘ग्रीन बेल्ट’, म्हणजे हिरवा पट्टा. नैरोबीतली उहुरू पार्क ही बाग वाचवण्याचा त्यांचा १९८९ मधला लढाही वाचा. तिथे बांधायचा ठरलेला ६० मजली मनोरा शेवटी झालाच नाही.