मदत हवी आहे: अस्वलांच्या मुलखात कोणतं रिव्हॉल्व्हर बाळगावं?

मंडळी, अलास्कातल्या अँकरेजला येऊन चार वर्षं झाली. जुलैत केनाई भागात रशियन नदीवर सॅमन धरायला जातो, आणि तपकिरी अस्वलंही तिथे त्याच कामाला येतात! बेअर स्प्रे (अस्वलावर मारायचा तिखट फवारा) पट्ट्याला असतोच, पहिला भरवसा त्याच्यावरच. जोडीला .४४ मॅग्नम या जोरदार काडतुसाचं रिव्हॉल्व्हर घ्यायचंय. रुगर अलास्कनची नळी जेमतेम अडीच इंच, पण वजन सव्वा किलो. पाण्यात उभं राहून दिवसभर कोण वागवणार? स्मिथ अँड वेसनचं ३२९ पाऊण किलोच्या आत, पण मित्राचं नेमबाजीच्या रेंजवर चालवलं तर सहा गोळ्यांच्या धक्क्याने तळहात सुन्न! सरावाला त्यातच चालणारं सौम्य काडतूस, .४४ स्पेशल, वापरीन, पण ऐनवेळी दुसरी गोळी नेमकी बसेल का? छातीवरचं होल्स्टर कुणी वापरतं का? बायको म्हणते, मासे दुकानातून आण.