तणनाशक आणि कीटकनाशक यांसाठी एकच पंप वापरावा का?

प्रश्न : माझ्याकडे पाठीवरचा १६ लिटरचा बॅटरी पंप असून आजवर त्यातून केवळ कीटकनाशकांची फवारणी झाली आहे. यंदा मजुरांअभावी कपाशीची खुरपणी वेळेवर होईल असे दिसत नाही, म्हणून तणनाशकाचा विचार आहे. नोझल बदलून हाच पंप चालेल का?

उत्तर १ : नोझल तर बदलावेच लागेल. कीटकनाशकासाठीचे हॉलो कोन नोझल बारीक थेंब सोडते आणि ते पानांच्या खालच्या बाजूसही पोहोचतात. तणनाशकाच्या वेळी मात्र हेच थेंब वाऱ्याबरोबर पिकावर उडतात. त्यासाठी मोठे थेंब सपाट पट्ट्यात सोडणारे फ्लॅट फॅन किंवा फ्लड जेट नोझल लावून, दाब कमी ठेवून, वारा शांत असताना फवारावे. त्याआधी १०० चौरस मीटर जागेवर नेहमीच्या चालीने साधे पाणी फवारून पाहावे. ५ लिटर लागले तर हेक्टरी ५०० लिटर पाणी लागेल, आणि लेबलवरील हेक्टरी मात्रा त्या हिशेबाने प्रत्येक टाकीला विभागता येईल. ‘पंपाला दोन झाकणे औषध’ या अंदाजाने मात्रा बहुतेक वेळा चुकते.

उत्तर २ : नोझलविषयी सहमत आहे, परंतु कपाशी असेल तर पंप वेगळाच असावा, असे माझे स्पष्ट मत आहे. २,४-डी सारख्या तणनाशकाचा अंश रबरी नळीत व वॉशरमध्ये टिकून राहतो आणि त्याला कपाशी इतकी संवेदनशील आहे की पुढील कीटकनाशकाच्या फवारणीतून गेलेल्या अल्पशा अंशानेही तिची पाने वेडीवाकडी होतात. नुसत्या पाण्याने पंप खळबळून तो अंश पूर्णपणे जात नाही.

प्रश्नकर्ता : धन्यवाद, तणनाशकासाठी दुसरा साधा हातपंप घेतो. पेरणीनंतर लगेच पेंडिमेथॅलिन हे तणनाशक फवारल्यास खुरपणी टळेल का?

उत्तर ३ : पूर्णपणे नाही. पेंडिमेथॅलिन उगवणाऱ्या तणांवर काम करते. उगवून आलेल्या तणांवर त्याचा उपयोग नाही. जमीन ढेकळे नसलेली व ओलसर असावी, आणि फवारणाऱ्याने मागे मागे सरकत जावे, म्हणजे फवारलेला थर पायाखाली मोडत नाही. पीक लहान असतानाच तणांची स्पर्धा सर्वाधिक नुकसान करते, त्यामुळे तो काळ या फवारणीने निभावतो, आणि नंतर वाफसा येताच, म्हणजे जमीन मशागतीजोगी होताच, ओळींमध्ये तण काढणारे कोळपे चालवावे. बांधावरचे गाजर गवतही विसरू नये, कारण कपाशीवरील पिठ्या ढेकूण ही कीड त्यावर तग धरून राहते आणि तेथून पिकात उतरते. हे गवत फुलोऱ्यापूर्वी उपटावे. उपटताना हातमोजे घालावेत, कारण त्याच्या स्पर्शाने अनेकांच्या त्वचेला ॲलर्जी होते.